कोरीव नक्षीची नक्कल: हौशी सीएनसीवर स्पर्श-प्रोबने त्रिमितीय स्कॅनिंग

देव्हाऱ्याच्या चौकटीची एक पट्टी वाळवीने खाल्ली आणि तिच्या जोडीची दुसरी शाबूत राहिली, तर पहिला मार्ग जाणत्या कारागिराकडे जाण्याचा. तो मिळाला तर प्रश्नच मिटला. पण गोव्यात जुने घर दुरुस्तीला काढणाऱ्या अनेकांना असा कारागीर वेळेवर मिळत नाही, मिळाला तर चवथीपर्यंत त्याचे हात मखरांत गुंतलेले असतात. नक्षीचा शाबूत तुकडा मात्र आपल्या हातात असतो. अशा वेळी घरातल्या लहान सीएनसी यंत्रात, म्हणजे संगणकाच्या आज्ञांनी कटर चालवणाऱ्या यंत्रात, कटरच्या जागी स्पर्शाने चालणारा प्रोब (मोजणारी सुई) लावला, की तेच यंत्र आधी नक्षी मोजते आणि मग नव्या लाकडात कोरते.

पुढची मापे ३०१८ या सहज मिळणाऱ्या यंत्राची आहेत: पाट ३०० बाय १८० मिलिमीटर, झेड अक्षाचा, म्हणजे वर-खाली, प्रवास साधारण ४५ मिलिमीटर, नियंत्रणाला ग्रबल १.१ (आज्ञा वाचून मोटरी चालवणारा, यंत्राच्या बोर्डातला प्रोग्रॅम). उदाहरण शेवटपर्यंत एकच धरले आहे: शिसवी पट्टीवरचे कमळ, ६० बाय ६० मिलिमीटर, सर्वांत खोल जागी ९ मिलिमीटर. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत; यंत्राला त्या रोमन अक्षरांतच द्यायच्या.

प्रोब कशासाठी, कशासाठी नाही

मोबाइलने चहूबाजूंनी फोटो काढून त्रिमितीय आकृती बनवणे जलद होते आणि मूर्तीसारख्या उभ्या वस्तूसाठी तेच बरे. पण काळ्या, पॉलिश चढलेल्या शिसवावर आणि चकचकीत पितळेवर ती पद्धत फसते, कारण चमक कोनाकोनाला जागा बदलते आणि सपाट काळ्या भागात संगणकाला पकडायला खूणच सापडत नाही. प्रोबला रंगाशी आणि चमकेशी देणेघेणे नाही. शिवाय त्याची मापे थेट मिलिमीटरमध्ये येतात, वेगळी पट्टी ठेवून प्रमाण लावावे लागत नाही.

तीन अक्षांचे यंत्र वरून खालीच बघते. पाकळीच्या आतल्या बाजूला पोकळी असेल तर ती दिसणार नाही. उठावाचे काम, पट्ट्या, फळ्या, फुले, नाणी, प्रभावळीचे तुकडे यांसाठी ही पद्धत उत्तम. कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांच्या कामासारखी लेथवर कातलेली वस्तू असेल, तर सगळी स्कॅन करण्यात वेळ घालवू नका. अक्षाच्या बरोबर वरून लांबीभर एक रेघ मोजा आणि संगणकात ती फिरवून घ्या.

सोनेरी मुलामा, सुटत चाललेला जुना रंग, भुसभुशीत झालेले लाकूड, कच्ची माती यांना प्रोब लावू नये. हजारो स्पर्श होतात आणि प्रत्येक स्पर्श म्हणजे एक टोचणी. अशा वस्तूचा जाणकाराकडून साचा घेऊन प्लास्टरची प्रत काढता आली तर ती प्रत स्कॅन करावी. नाहीतर फोटोच बरे.

टोकाची गोटी आणि कटर एकाच मापाचे

सगळ्या कामाची किल्ली इथे आहे, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

प्रोबच्या टोकाला गोल गोटी असते. सपाट पृष्ठभागावर गोटीचा सर्वांत खालचा बिंदू टेकतो आणि माप बरोबर येते. उतारावर मात्र गोटीची बाजू आधी टेकते, त्यामुळे यंत्र जी उंची नोंदवते ती खऱ्या उंचीपेक्षा जास्त असते. ३.१७५ मिलिमीटर व्यासाच्या गोटीला ३० अंशांच्या उतारावर ही चूक ०.२५ मिलिमीटर पडते, ४५ अंशांवर ०.६६ आणि ६० अंशांवर १.५९. म्हणजे नोंदलेले बिंदू हा नक्षीचा पृष्ठभाग नव्हेच, त्याच्यावर फुगलेली खोळ आहे. त्या बिंदूंची थेट आकृती केली की पाकळ्या जाड आणि मधल्या खाचा अरुंद दिसतात.

आता त्याच व्यासाचा बॉलनोज, म्हणजे गोल टोकाचा, कटर त्याच बिंदूंवरून फिरवला तर काय होईल? प्रोबची गोटी ज्या उंचीवर अडली, त्याच उंचीवर तेवढाच गोल कटर थांबेल. त्याची बाजू उताराला नेमकी तिथेच टेकेल जिथे गोटी टेकली होती. नोंदलेला मार्ग म्हणजेच कटरचा मार्ग. कसलीही दुरुस्ती नको, आकृती नको, कटरचा मार्ग काढणारे सॉफ्टवेअरही नको.

सुदैवाने ३०१८ सोबत मिळणारा कॉलेट (कटरचा दांडा पकडणारी चिमटी) ३.१७५ मिलिमीटरचा, म्हणजे एक अष्टमांश इंचाचा असतो. त्याच व्यासाचे बॉलनोज कटर सर्वत्र मिळतात, आणि त्याच व्यासाचा पोलादी छर्रा सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतो. दुरुस्तीच्या दुकानात तो मूठभर मिळतो. नक्षी बारीक असेल तर २ मिलिमीटरची माणिकाची गोटी लावलेली तयार सुई आणि १ मिलिमीटर त्रिज्येचा निमुळता बॉलनोज ही जोडी घ्या. गोटीपेक्षा अरुंद खाच कोणत्याही घनतेने स्कॅन केली तरी सापडत नाही. म्हणून आधी नक्षीतली सर्वांत अरुंद खाच कॅलिपरने मोजा, मग गोटी ठरवा.

दोन बिंदूंतले अंतरही इथूनच ठरते. बॉलनोजच्या दोन रेघांमध्ये जी बारीक कड उरते ती ३.१७५ च्या कटरला १ मिलिमीटर अंतरावर ०.०८ मिलिमीटर उंच असते आणि अर्ध्या मिलिमीटरवर ०.०२. दुसरी दोनशे वीस नंबरच्या सँडपेपरच्या दोन हातांत जाते, पहिली घासताना पाकळीची धारही जाते. अर्धा मिलिमीटर पुरे. त्याहून दाट स्कॅन करण्याचा मोह आवरा; कमळासाठी ०.२५ मिलिमीटरचे जाळे घेतले तर ५८,०८१ बिंदू होतात आणि प्रत्येकी ३ सेकंद धरले तर दोन दिवस लागतात. अर्ध्या मिलिमीटरला १४,६४१ बिंदू आणि सुमारे १२ तास, १ मिलिमीटरला ३,७२१ बिंदू आणि ३ तास. आधी १ मिलिमीटरचा कच्चा स्कॅन करून सगळे नीट चालले आहे ना ते बघणे फायद्याचे.

प्रोब बनवणे

तयार प्रोब ऑनलाइन मिळतात आणि घाई असेल तर घ्यावेत. पण आतली रचना समजली तर बिघाड ओळखता येतो, आणि घरी बनवलेला प्रोबही या कामाला पुरतो. या रचनेचा मूळ प्रोब डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी १९७२ साली कॉनकॉर्ड विमानाच्या ऑलिंपस इंजिनाच्या नळ्या मोजण्यासाठी केला. सुईच्या वरच्या टोकाला १२० अंशांवर तीन आडव्या दांड्या, प्रत्येक दांडी दोन छर्ऱ्यांच्या खाचेत बसलेली, वरून स्प्रिंगचा दाब. सुईला कुठूनही धक्का लागला की निदान एक दांडी छर्ऱ्यावरून उचलली जाते आणि वीजमंडल तुटते. धक्का गेला की स्प्रिंग तिला पुन्हा त्याच जागी बसवते. तीन दांड्या आणि सहा स्पर्शबिंदू असल्यामुळे बसण्याची जागा एकच असते; अचूकता येते ती तिथून.

लागणारे सामान असे: ३० मिलिमीटर व्यासाचा डेलरिन या कडक प्लास्टिकचा डबीसारखा कातलेला सांगाडा आणि त्याच्या डोक्यावर ३.१७५ मिलिमीटरचा दांडा (वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर हे किरकोळ काम आहे, त्रिमितीय छपाईचा सांगाडाही चालतो), ३ मिलिमीटर जाडीच्या, १२ मिलिमीटर लांबीच्या तीन स्टेनलेस डॉवेल पिना, ४ मिलिमीटरच्या आसपासचे सहा छर्रे, तांब्याचा थर असलेला सर्किट बोर्डाचा गोल तुकडा, बॉलपेनची स्प्रिंग, २ मिलिमीटर जाडीची, २५ मिलिमीटर लांबीची पोलादी काडी, टोकाचा ३.१७५ चा छर्रा. दोन घटकांचे एपॉक्सी. आणि जाळीचे आवरण असलेली दोन तारांची वायर.

बोर्डाच्या मध्यभागी सुई जाण्यासाठी ८ मिलिमीटरचे भोक पाडा. तांब्याचा थर करवतीच्या पात्याने खरवडून सहा वेगळे तुकडे करा आणि प्रत्येकावर एक छर्रा सोल्डर करा. पोलादावर साध्या रोझिनने सोल्डर धरत नाही. ॲसिड फ्लक्स लागतो आणि काम झाल्यावर तो गरम पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण धुवावा लागतो. राहिलेला ॲसिड दमट हवेत आठवड्यात गंज आणतो.

जोडणी साखळीने: पहिल्या जोडीतल्या एका छर्ऱ्याला आत येणारी तार, दुसऱ्यापासून दुसऱ्या जोडीच्या पहिल्याला, तिथून तिसऱ्या जोडीला, आणि शेवटच्या छर्ऱ्यापासून बाहेर जाणारी तार. वीज छर्ऱ्यातून दांडीत, दांडीतून शेजारच्या छर्ऱ्यात अशी तीन पुलांवरून जाते. तीन दांड्या ज्या मधल्या गाभ्यात बसवायच्या तो गाभा प्लास्टिकचाच हवा. धातूचा गाभा घेतला तर तिन्ही दांड्या आतून जोडल्या जातात, आणि साखळीतली मधली दांडी पूर्ण उचलली तरी वीज गाभ्यातून पलीकडे जाते. असा प्रोब दोन दिशांनी ठीक चालतो आणि तिसऱ्या दिशेने आंधळा असतो. बिघाड लगेच कळत नाही, सुई वाकल्यावर कळतो.

सुईच्या टोकाला छर्रा चिकटवण्याआधी काडीच्या तोंडाला मोठ्या ड्रिलने उथळ वाटी करा, एपॉक्सीचा ठिपका ठेवा आणि काडी उभी टांगून एक रात्र सोडा. काडी छर्ऱ्यापेक्षा बारीक असायलाच हवी, नाहीतर खोल खाचेत छर्ऱ्याऐवजी काडीच भिंतीला लागते.

स्प्रिंगचा ताण स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तपासा. प्रोब उभा धरून काट्यावर हलके दाबा आणि मंडल तुटते तेव्हाचा आकडा बघा. ५० ग्रॅमच्या जवळ असेल तर उत्तम. १५० च्या वर गेला तर सागवानावरही टिंब उमटू शकतात, आणि २० च्या खाली असेल तर यंत्राच्या हादऱ्यानेच प्रोब सुटतो.

वीज आणि ग्रबल

वायर बोर्डावरच्या प्रोबच्या दोन पिनांना लावा. आर्डुइनो ऊनो बोर्ड असेल तर ए५ आणि ग्राउंड. आवरणाची जाळी फक्त बोर्डाच्या टोकाला ग्राउंडला जोडा. ग्रबल ही पिन आतून ५ व्होल्टला ओढून धरतो आणि ती ग्राउंडला टेकली की स्पर्श झाला असे समजतो. आपला प्रोब उलटा आहे, एरवी जोडलेला आणि स्पर्शाला तुटणारा. म्हणून ग्रबलमधली डॉलर ६ ही प्रोबचा संकेत उलटा वाचणारी सेटिंग १ करा. याचा मोठा फायदा असा की वायर तुटली तर यंत्राला तो स्पर्शच वाटतो आणि ते थांबते. जोडणारा प्रोब असता तर तुटलेल्या वायरीसकट यंत्र सुई वस्तूत घुसवत गेले असते.

प्रश्नचिन्ह पाठवून अवस्थेची ओळ बघा. सुई बोटाने हलवली की पीएनपुढे पी दिसायला हवा, सोडली की जायला हवा. चारही बाजूंनी आणि खालून असे पाच वेळा करा. न हलवता पी लुकलुकत असेल तर तो विजेचा गोंगाट आहे. चिपमधला ओढरोध २० ते ५० किलोओमचा, म्हणजे फारच नाजूक असतो. ए५ आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये बाहेरून ४.७ किलोओमचा रोध आणि ए५ व ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की बहुतेक वेळा तो थांबतो. कटर फिरवणाऱ्या स्पिंडलच्या मोटरची वायर काढूनच ठेवा. चुकून फिरली तर सुई गेली.

पितळ किंवा तांब्याच्या वस्तूला प्रोबचीही गरज नाही. वस्तू ग्राउंडला, छर्ऱ्याची काडी ए५ ला, डॉलर ६ ला ०. काडी स्पिंडलपासून प्लास्टिकच्या बुशने वेगळी ठेवावी. काळवंडलेल्या थरातून वीज जात नाही, म्हणून वस्तू मालकाला विचारून चिंचेने घासून, धुऊन, कोरडी करावी. प्रभावळीसारखा पातळ ठोकीव पत्रा असेल तर मागच्या पोकळीत प्लॅस्टिसिन दाबून भरा, नाहीतर पत्रा दबतो आणि मापे खोटी येतात.

यंत्राची परीक्षा

एकाच जागी वीस वेळा स्पर्श घ्या: जी३८.२ झेड-१० एफ१०० (स्पर्श होईपर्यंत झेड -१० कडे, मिनिटाला १०० मिलिमीटरच्या वेगाने जा), मग २ मिलिमीटर वर. उत्तरात पीआरबीने सुरू होणारी ओळ येते. तिच्यातले आकडे यंत्राच्या मूळ निर्देशांकांत असतात, कामाच्या शून्यापासूनचे नव्हे, हे विसरल्यामुळे पुष्कळ गोंधळ होतो. वीस उंचींमधला सर्वांत मोठा फरक ०.०२ मिलिमीटरच्या आत हवा. जास्त असेल तर क्रमाने तपासा: छर्रे आणि दांड्या अल्कोहोलने पुसा, कॉलेट घट्ट करा, झेड अक्षाचा नट हलतो का बघा.

वेगाबद्दल थोडे नेमके सांगायला हवे. स्पर्श होताच ग्रबल त्या क्षणाची जागा टिपतो, म्हणून वेग वाढवला तरी आकडा फारसा बिघडत नाही. पण यंत्र लगेच थांबत नाही, प्रवेगाच्या सेटिंगप्रमाणे हळू होत थांबते. झेडच्या प्रवेगाच्या डॉलर १२२ या सेटिंगचे मूळ मूल्य १० असेल तर मिनिटाला १०० मिलिमीटरच्या वेगाने सुई ०.१४ मिलिमीटर पुढे जाते आणि ३०० च्या वेगाने तब्बल १.२५ मिलिमीटर. तेवढे दाबणे सुईला आणि नक्षीला दोन्हींना वाईट. शेवटचा उतार १०० नेच करा.

बॅकलॅशही, म्हणजे दिशा बदलताना स्क्रूत जाणवणारी ढिलाईही, बघा. झेडमध्ये तो आपोआप वगळला जातो, कारण प्रत्येक माप खाली येतानाच घेतले जाते. एक्स आणि वायमध्ये तसे नाही. डावीकडून उजवीकडे आणि उलट असा नागमोडी स्कॅन केला तर एकाआड एक रेघा सरकतात आणि पाकळीच्या कडेला कंगव्यासारखे दात येतात. म्हणून प्रत्येक रेघ डावीकडूनच सुरू करा. परतीचा ६० मिलिमीटरचा फेरा मिनिटाला ५०० च्या वेगाने ७ सेकंदांचा, १२१ रेघांना सगळे मिळून पाव तास. बारा तासांच्या कामात तो वाचवण्यासाठी आकार बिघडवू नये.

वस्तू बसवणे, आणि पावसाळा

एमडीएफचा पाट जून ते सप्टेंबरमध्ये गोव्याच्या हवेत फुगतो. त्यावर सनमायका किंवा ५ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा लावा, किंवा ग्रॅनाइटच्या लादीचा तुकडा ठेवा. वस्तू दुहेरी चिकटपट्टीवर ठेवून दोन बाजूंनी लाकडी ठोकळे दाबा. मागची बाजू वाकडी असेल तर आधी तीन जागी प्लॅस्टिसिनचे गोळे देऊन डगमग काढा आणि मग कडेने गरम गोंद लावा. नुसत्या प्लॅस्टिसिनवर ठेवलेली वस्तू बारा तासांत खचते.

लाकूडही हवेप्रमाणे बदलते. रेषांच्या आडव्या दिशेने ते दमटपणात फुगते, लांबीत जवळजवळ नाही. पावसात बाहेरून आणलेली पट्टी त्याच खोलीत निदान दोन दिवस राहू द्या आणि स्कॅन चालू असताना खिडक्या बंद ठेवा. एसी मध्येच सुरू किंवा बंद करू नका. किनाऱ्याजवळच्या घरात खाऱ्या हवेमुळे अक्ष सरकवणारे लीडस्क्रू आणि साधे पोलादी छर्रे लवकर गंजतात. लीडस्क्रूला हलके तेल द्या, पण प्रोबच्या आत तेल अजिबात नको. तेलाचा पातळ थर म्हणजे विजेला आडकाठी. प्रोब सिलिका जेलची पुडी टाकून हवाबंद डब्यात ठेवा.

वस्तूच्या शेजारी, स्कॅनच्या चौकोनाबाहेर, एक पोलादी ठोकळा पक्का बसवा. तो आपला संदर्भ. झेडचे शून्य त्याच्या माथ्यावर, एक्स आणि वायचे शून्य त्याच्या कोपऱ्यावर. पुढे कटर लावताना झेडचे हेच शून्य पुन्हा लागेल, म्हणून काम पूर्ण होईपर्यंत तो हलवायचा नाही.

स्कॅनचा क्रम

ग्रबलसाठीच्या काही प्रोग्रॅममध्ये उंचीचा नकाशा काढण्याची सोय असते. ती मुळात सर्किट बोर्डाची जवळजवळ सपाट पाटी मोजण्यासाठी असते आणि प्रत्येक बिंदूला सुई पूर्ण वर नेते. खोल नक्षीला तसे चालवले तर वेळ दुप्पट होतो. पायथनमध्ये सिरियल पोर्टवर आज्ञा पाठवणारा पन्नास ओळींचा स्वतःचा प्रोग्रॅम लिहिणे बरे. त्याने करायचे ते असे.

रेघेच्या सुरुवातीला सुरक्षित उंचीवरून खाली स्पर्श घ्या आणि एक्स, वाय, झेड फाइलमध्ये लगेच लिहा. मग १ मिलिमीटरच वर या. पुढच्या बिंदूकडे अर्धा मिलिमीटर आडवे जाताना साधी जी० किंवा जी१ ही हालचालीची आज्ञा वापरू नका, कारण त्या आज्ञांत ग्रबल प्रोबकडे बघत नाही आणि समोर उभी भिंत आली तर सुई त्यात जाते. आडवी हालचालही जी३८.३ नेच (जी३८.२ सारखीच, पण स्पर्श न झाल्यास अलार्म न देणारी आज्ञा) करा, मिनिटाला २०० च्या वेगाने. वाटेत स्पर्श झाला तर यंत्र थांबते; १ मिलिमीटर आणखी वर उठून उरलेले अंतर पुन्हा जा. बारा वेळा उठूनही वाट मोकळी झाली नाही तर काम थांबवा, काहीतरी बिघडले आहे. अर्ध्या मिलिमीटरला १ मिलिमीटर उठाव म्हणजे ६३ अंशांपर्यंतचा चढ न अडकता पार होतो, त्यामुळे कमळासारख्या नक्षीत अडथळे मोजकेच येतात. उठताना मात्र जी० वापरा, कारण प्रोब आधीच दाबलेला असताना जी३८.३ दिली तर यंत्र चार क्रमांकाचा अलार्म देऊन बंद पडते. उठल्यावर सेकंदाचा दहावा भाग थांबून सुई स्थिर होऊ द्या.

खाली जाताना जी३८.२ ऐवजी जी३८.३ घ्या आणि खोलीची मर्यादा तळापेक्षा १ मिलिमीटर जास्त द्या. जी३८.२ ला काहीच लागले नाही तर पाच क्रमांकाचा अलार्म येतो आणि रात्रभराचे काम एका भोकापायी अडते. जी३८.३ च्या उत्तरात शेवटी ० येतो, तो बिंदू तळ म्हणून लिहून पुढे जाता येते.

दर दहा रेघांनंतर संदर्भ ठोकळ्याच्या माथ्यावर एक स्पर्श घेऊन वेगळा नोंदवा. मोटरी तापतात, सांगाडा किंचित ताणतो, हवा बदलते. बारा तासांत झेड सरकू शकतो. या नोंदी असल्या की तो सरक नंतर रेघांवर वाटून वजा करता येतो. सुरुवातीला मोटरी चालू ठेवून अर्धा तास यंत्र तसेच ठेवले तर सरक बराच कमी होतो.

आणि वीज. पावसाळ्यात बारा तास सलग वीज राहील असे गृहीत धरू नका. स्पिंडल बंद असल्यामुळे यंत्राचा भार थोडा असतो, संगणकाच्या साध्या यूपीएसवर चालतो, त्यामुळे क्षणिक झटके निघून जातात. लॅपटॉपची झोप बंद करा. वीज गेलीच तर लक्षात ठेवा: मोटरी सुटल्या की जागा हरवते, आणि सिरियल पोर्ट नव्याने उघडला की ऊनो बोर्ड स्वतःला नव्याने सुरू करून उभा असेल ती जागा शून्य मानतो. अक्षांच्या टोकांना लिमिट स्विच असतील तर होमिंग करा (यंत्राला त्या स्विचांपर्यंत नेऊन मूळ जागा ओळखायला लावा), नसतील तर ठोकळ्याचा कोपरा पुन्हा शोधा. मग आधी मोजलेले तीन बिंदू पुन्हा मोजा. फरक ०.०५ च्या आत असेल तर शेवटच्या पूर्ण रेघेपासून पुढे चला. म्हणूनच प्रत्येक बिंदू लगेच फाइलमध्ये उतरवायचा, सगळे शेवटी लिहायचे नाही.

बिंदू वाचणे

फाइल क्लाउडकंपेअर या त्रिमितीय बिंदू दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून उंचीप्रमाणे रंग द्या आणि तिरक्या कोनातून बघा. एकटेदुकटे उंच काटे असतील तर ते विजेच्या गोंगाटाचे. शेजारच्या नऊ बिंदूंची मध्यका घेतली की जातात. पण शंभरात एकापेक्षा जास्त काटे असतील तर गाळणी लावत बसू नका, वायर सुधारून पुन्हा स्कॅन करा. एका रेघेपासून पुढे सगळेच उचललेले किंवा सरकलेले असेल तर वस्तू हलली किंवा मोटरीच्या पायऱ्या चुकल्या. उभ्या भिंती एकाच बाजूला झुकलेल्या दिसल्या तर सुई वाकते आहे. आखूड किंवा जाड काडी घ्या. खाचांचे तळ सगळीकडे सारखेच गोल दिसले तर ती नक्षी नव्हे, आपल्या गोटीचा ठसा आहे, आणि बारीक गोटी लावणे हाच उपाय.

कोरणे

प्रोब काढा, ३.१७५ चा बॉलनोज लावा, झेडचे शून्य त्याच ठोकळ्यावर घ्या. वस्तूच्या जागी नवे लाकूड बसवा. एक्स-वायचे शून्य त्या लाकडावर कुठेही घेता येते, कारण प्रोब अक्षापासून किंचित बाजूला असला तरी सगळी नक्षी तेवढीच सरकते. आकार बदलत नाही. फक्त स्कॅनच्या मध्येच प्रोब कॉलेटमध्ये फिरवलेला नसावा.

एकदम ९ मिलिमीटर खोल कोरण्याची ३०१८ ची ताकद नाही, शिसवात तर नाहीच. सोपी युक्ती अशी: तोच मार्ग सहा वेळा चालवा आणि प्रत्येक वेळी खोलीला तळ घाला. पहिल्या फेरीत १.५ मिलिमीटरपेक्षा खोल असलेला प्रत्येक बिंदू १.५ वरच थांबवा, दुसऱ्यात ३, मग ४.५, ६, ७.५. कटर खऱ्या मार्गाच्या वरच राहतो, त्यामुळे नक्षीला इजा होत नाही. या कच्च्या फेऱ्यांत एकाआड एक रेघ घेतली तरी चालते. सहाव्या फेरीत सगळ्या रेघा पूर्ण खोलीने, मिनिटाला ५०० च्या वेगाने. कागदावर ती पाव तासाची असते, झेड अक्ष सावकाश असल्याने प्रत्यक्षात जास्त लागतो.

देव्हाऱ्याच्या डाव्या पट्टीवरून उजवी करायची असेल तर एक्सच्या आकड्यांची चिन्हे उलटा. गोटी सर्व बाजूंनी सारखी असल्यामुळे आरशातली नक्षीही बिनचूक येते. आकार लहानमोठा करायचा तर मात्र कटरही त्याच प्रमाणात बदलला पाहिजे: ६ मिलिमीटरच्या बॉलनोजने नक्षी १.८९ पट मोठी कोरता येते, २ मिलिमीटरच्याने ०.६३ पट लहान. मधलेच कोणतेतरी प्रमाण हवे असेल किंवा नक्षीचा उलटा साचा कोरायचा असेल, तर खरा पृष्ठभाग काढावाच लागतो.

त्याचे गणित अवघड नाही. जाळ्यातल्या प्रत्येक जागेसाठी, तिच्यापासून गोटीच्या त्रिज्येइतक्या अंतरात असलेले सगळे नोंदलेले बिंदू घ्या. अशा प्रत्येक बिंदूच्या उंचीत त्या अंतरावर गोटीचा पृष्ठभाग तिच्या तळापेक्षा जेवढा वर असतो तेवढे मिळवा. म्हणजे त्रिज्या वजा, त्रिज्येच्या वर्गातून अंतराचा वर्ग वजा करून काढलेले वर्गमूळ. या सगळ्या बेरजांतली सर्वांत लहान ती त्या जागेची खरी उंची. बिंदूंतले अंतर त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठे असेल तर निकाल ओबडधोबड येतो. मिळालेले बिंदू क्लाउडकंपेअरमध्ये अडीच मितींच्या डेलॉनी (त्रिकोणांच्या) जाळ्याने जोडून एसटीएल ही त्रिमितीय आकृतीची फाइल करा आणि नेहमीच्या सॉफ्टवेअरमधून कटरचा मार्ग काढा.

हे गणित वस्तूवर चालवण्याआधी १२ मिलिमीटरच्या बेअरिंगच्या गोळ्यावर तपासा. गोळा एपॉक्सीने पाटावर चिकटवून त्याचा वरचा भाग स्कॅन करा. कच्च्या बिंदूंना गोल बसवला तर त्रिज्या ७.५९ यायला हवी, म्हणजे गोळ्याची ६ आणि छर्ऱ्याची १.५९. गणितानंतर ती ६ वर यायला हवी. दोन्ही आकडे सारख्याच फरकाने चुकले तर एक्स आणि वायच्या पायऱ्यांची सेटिंग तपासा. पहिला बरोबर आणि दुसरा चूक असेल तर प्रोग्रॅममध्ये त्रिज्येच्या जागी व्यास घातला आहे का ते बघा.